रावजीकाकांचा साक्षीदार

"केरबा, साक्षीला यायला लागतंय तुला," रावजीकाका म्हणाले. पुढंही काहीतरी बोलायचं होतं, पण धाप लागली आणि छातीवर हात ठेवून ते आमच्या कट्ट्यावर तसेच बसून राहिले.

आबा आणि मी अंगणात शेंगा तोडत होतो. भुईमूग नुकताच उपटून आणला होता, वेलांची ओली माती सगळीकडं सांडली होती. मी उठून पाणी आणलं. रावजीकाकांनी दोन घोट घेतले, तांब्या बाजूला ठेवला आणि आबांकडं बघितलं.

"ऐकलंस का? अपील घेतलंय त्यांनी. पुन्हा तपासणी हाय, मिलिटरीच्या दवाखान्यात. वकील म्हणतोय, त्या वेळी चौकीवर तुझ्यासंगं जो हुता त्याला घेऊन ये, त्यानं तोंडानं सांगायला पाहिजे. आता तूच सांग, तुझ्याबिगर कोण उरलंय?"

आबा शेंगा तोडत राहिले.

"मी येणार न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, माझीच काहीतरी ऐकण्यात चूक झाली. रावजीकाकांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "काय म्हणालास?"

"येणार न्हाई म्हणालो."

एरवी एवढ्यावर आमच्या अंगणात रणकंदन झालं असतं. पण त्या दिवशी रावजीकाका भांडले नाहीत. कागदांची पिशवी काखेत मारली, कट्ट्याला धरून उठले आणि खालच्या आळीकडं चालू लागले. वळणावरच्या चिंचेपाशी थांबून त्यांनी दम घेतला. मागं वळून मात्र बघितलं नाही.

आबा म्हणजे माझे सासरे, हवालदार केरबा जगदाळे. मी लग्न होऊन तळेमाळात आले तेव्हा ते पलटणीतून पेन्शनीत येऊन फार दिवस झाले नव्हते. सासूबाई आधीच गेलेल्या. आमचे हे इचलकरंजीला मागावर, एखाद्या सुट्टीच्या वारी घरी येणार. त्यामुळं दिवसभर घरात मी आणि आबा. माझा बाप मी लहान असतानाच गेला होता. बापाशी काय बोलायचं असतं, हे मी आबांकडून शिकले.

त्यांच्या हातांचं मला लग्नानंतर काही महिन्यांनी कळलं. चुलीवरची भाकरी त्यांनी काढली आणि ती उलटी करून पुन्हा निखाऱ्यावर धरली. जळल्याचा वास आला म्हणून मी बघितलं, तर भाकरी नाही, बोटं भाजत होती, आणि आबा माझ्याशी शेतावरच्या पाण्याचं बोलत होते. मी ओरडून त्यांचा हात ओढला. "ठीक हाय, ठीक हाय," ते म्हणाले. बोटांना फोड आले होते. मग माझ्या लक्षात येत गेलं. अंघोळीचं पाणी ते कोपरानं चाचपतात. खिशातली किल्ली त्यांना सापडत नाही, डोळ्यांनी बघावी लागते. सदऱ्याची बटणं लावायला नकोत म्हणून सदरा ते डोक्यातूनच घालतात. मी काही न बोलता त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना दाबून लागणारी टिचबटणं लावली. त्यांनीही काही न बोलता ते सदरे घातले.

"बर्फात गस्तीवर असताना हातमोजा हरवला," एवढंच ते कुणीही विचारलं तरी सांगायचे. थंडीनं बोटांतली जाणीव गेलेली. तिला औषध नव्हतं. पण त्यासाठी सरकारकडून वेगळी पेन्शन मिळते, हे मला पुढं माजी सैनिकांच्या मेळाव्यात कळलं. मी घरी येऊन त्यांना म्हटलं, अर्ज करू या. आबा म्हणाले, "कशाला? ठीक हाय की." पलटणीतून बाहेर पडताना शेवटची तपासणी झाली होती तेव्हाही डॉक्टरांनी विचारलं होतं, काही तक्रार? आणि आबांनी टाचा जुळवून सांगितलं होतं, "ठीक हूँ, साहब."

रावजी सुतार खालच्या आळीचे. दोघं एकदमच भरतीला गेले, एकाच पलटणीत लागले आणि बरोबरच परत आले. रोज तिसऱ्या प्रहरी रावजीकाका आमच्या कट्ट्यावर यायचे आणि दोघं भांडायचे. कुठला सुभेदार जास्त कडक होता, नेम कुणाचा चांगला होता, जम्मूच्या स्टेशनावर ट्रंक कुणामुळं हरवली, या वर्षी शाळू पेरायचा का हरभरा. भांडण रंगलं की रावजीकाका रागानं उठून जायचे आणि चहा झाला का बघायला परत यायचे. एक जण एखादा दिवस दिसला नाही, तर दुसरा काठी घेऊन त्याच्या घरी जायचा. दारातूनच विचारायचा, "जिता हाईस न्हवं?"

पण गेल्या काही वर्षांत रावजीकाकांना भांडायलासुद्धा श्वास पुरेना. तरुणपणी पलटण उत्तरेला अगदी वर, बारमाही बर्फात होती. तिथं उभं राहायलाही दम लागतो म्हणे. तिथल्या एका चौकीवर रावजीकाकांच्या छातीत पाणी भरलं आणि हेलिकॉप्टरनं त्यांना खाली आणलं. ते वाचले, पण छाती धड झाली नाही. चौकीत उबेसाठी रॉकेलची शेगडी जळायची. तिची काजळी किती दिवस थुंकीतून पडत होती, ते काका नेहमी सांगायचे. नोकरी संपताना आजाराची पेन्शन मागितली, तर उत्तर आलं की या आजाराचा नोकरीशी संबंध नाही. कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी नाव 'सुतार' बघितलं आणि लिहून टाकलं की परंपरागत व्यवसायातला लाकडाचा भुसा छातीत गेला असावा.

"माझ्या बानं रंधा धरला," रावजीकाका म्हणायचे. "मी मिसरूड फुटायच्या आधी बंदूक धरली. भुसा काय हवेतनं उडत आला हुता का?"

अपील केलं. ते कुठंतरी अडकलं. पुन्हा केलं. चौकीवरच्या नोंदी मागितल्या, तर त्या पुढच्याच हिवाळ्यात बर्फाखाली गेल्या होत्या. तिसरा जो माणूस त्या वेळी चौकीवर होता, तो वारला होता. राहिले आबा.

त्या दिवशी रावजीकाका गेल्यावर मी आबांसमोर शेंगांचा ढीग ओढून बसले.

"आबा, असं का केलंत?"

"तुला कळायचं न्हाई."

"सांगितलं तर कळंल."

"साक्ष म्हणजे सगळं सांगायला लागतंय, शालन. अर्धं सांगून चालत न्हाई. समोर अधिकारी बसल्यात, त्येंच्यापुढं खोटं बोलायचं न्हाई."

"मग खरं सांगा की."

आबांनी हातातला वेल झटकला. "खरं सांगता येत असतं तर इतकी वर्सं गप बसलो असतो व्हय?" असं म्हणून ते उठले आणि गोठ्यात गेले. मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, त्या चौकीवर आबांच्या हातून काहीतरी वाईट घडलं असणार. तो विचार माझ्या मनातून काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी रावजीकाका आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग आबांनी काठी घेतली आणि ते खालच्या आळीला गेले. बऱ्याच वेळानं आले, ओसरीवर बसले आणि पायांतल्या वहाणाही काढल्या नाहीत.

"त्येला आडवं हुता येत न्हाई," ते म्हणाले. "वळकटीला टेकून बसूनच झोपतोय. हौसा म्हणाली, गडहिंग्लजचा डॉक्टर घरात हवेचं मशीन ठेवा म्हणतोय. कुठनं ठेवणार?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी येतो म्हणून निरोप धाड. पण मी बोलत असताना रावजी त्या खोलीत नको."

मी निरोप घेऊन गेले. रावजीकाकांना आनंद झाला, पण अट ऐकून त्यांचं तोंड उतरलं.

"मी नको? माझ्याच छातीची साक्ष, आन् मीच बाहेर?"

"काका, आबांनी तसं सांगितलंय."

"असं काय बोलणार हाय त्यो?" त्यांनी बायकोकडं, हौसाकाकूंकडं बघितलं. "बरं. ऱ्हातो बाहेर."

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं निघालो. कुणाला त्रास नको म्हणून शहराचं नाव मी घेत नाही. त्या दिवशी तिथं भेटलेली माणसं चांगलीच होती. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, छातीवर पदकं लावली होती. ती लावून दिली मीच. रावजीकाका खिडकीशी बसले आणि सबंध वाटेत एकमेकांशी कुणी बोललं नाही. त्या दोघांना इतकं गप्प मी कधी बघितलं नव्हतं.

खोलीत एका मोठ्या टेबलामागं तीन डॉक्टर होते. मधल्या बाई प्रमुख. केस पांढरे, आवाज हळू. सगळे त्यांना कर्नल मॅडम म्हणत होते. रावजीकाकांना जिना चढून इतकी धाप लागली होती की मॅडमनी मलाही आत थांबायला सांगितलं, काकांच्या खुर्चीमागं. बोलणं हिंदीत चाललं होतं, पण मी आपल्या भाषेत सांगते.

मॅडमनी रावजीकाकांना तपासलं, नळकांड्यात फुंकायला लावलं. मग त्या आबांकडं वळल्या. आबा टाचा जुळवून उभे होते.

"बसा, हवालदारसाहेब."

"ठीक आहे, मॅडम." ते उभेच राहिले. "मॅडम, एक विनंती. मी बोलेन तेवढा वेळ रावजीला बाहेर बसवा."

मॅडमनी शेजारच्या डॉक्टरांकडं बघितलं. "तसं करता येणार नाही. त्यांच्या बाबतीत जे सांगितलं जाईल, ते त्यांच्यासमोरच सांगितलं पाहिजे. त्यांच्या भल्यासाठीच आहे ते. तुमची अडचण काय आहे?"

आबांनी रावजीकाकांकडं बघितलं. काकांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. मला वाटलं, आबा आता फिरणार आणि बाहेर जाणार. पण ते बोलू लागले.

"चौकीवर आम्ही तिघं होतो. मी चौकीचा कमांडर. वादळ सुरू झालं आणि थांबेना. रावजीला आधी खोकला झाला, मग छातीत घरघर लागली. तोंडातून लाल फेस येत होता. ओठ निळे पडले. वायरलेसवर खाली कळवलं. खालून डॉक्टरसाहेब म्हणाले, ऑक्सिजन लावा, हवा उघडली की हेलिकॉप्टर पाठवतो."

"ऑक्सिजन होता चौकीवर?"

"होता, मॅडम. बाटला होता. पण शेगडीचं रॉकेल संपत आलं होतं. वर आणणारी तुकडी वादळात अडकली होती. चौकीत बाहेरच्याइतकीच थंडी झाली. बाटल्याच्या तोंडाची कळ गोठायला लागली. सारखी बंद पडायची. बंद पडली की रावजी तडफडायचा."

"मग?"

"मग ती गरम ठेवायला लागली."

"कशानं?"

खोलीत फक्त रावजीकाकांचा श्वास ऐकू येत होता.

"हातानं," आबा म्हणाले.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "हातमोजे घालून?"

"मोज्यातून ऊब पोचत नव्हती, मॅडम. मोजे काढले. कळ मुठीत धरून बसलो. एक हात बधिर झाला की दुसरा. हेलिकॉप्टर येईपर्यंत."

"लोखंड उघड्या हातानं धरलंत? त्या थंडीत? दुसऱ्या जवानाला सांगायचं नाही?"

"तो पोरगा होता, नवीन आलेला. त्याला वायरलेसवर बसवलं होतं. आणि चौकी माझी होती."

मी मागून बघत होते. रावजीकाकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

मॅडमनी आणखी बरंच विचारलं. फेसाचा रंग, घरघर कधी सुरू झाली, त्याच्या आधी रावजी डोंगर चढत होते का, विडी ओढत होते का. आबांनी एकेक सांगितलं. विडीचं विचारल्यावर म्हणाले, "पूर्ण पलटणीत विडी न ओढणारा हा एकच होता. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो." शेवटी मॅडम म्हणाल्या, "मला हवं ते मिळालं. हवालदारसाहेब, तुमचे हात आता कसे आहेत?"

आबांच्या टाचा पुन्हा जुळल्या. "ठीक आहेत, मॅडम."

"ठीक न्हाईत," रावजीकाका म्हणाले. मराठीतच म्हणाले. मग श्वास घेऊन हिंदीत म्हणाले, "मॅडम, ठीक नाहीत. या मुलीला विचारा. याला विस्तव कळत नाही."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या उठून टेबलाच्या अलीकडं आल्या आणि आबांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. टेबलावरची टाचणी घेऊन त्यांनी बोटांच्या टोकांना एकामागून एक टोचलं. आबा समोरच्या भिंतीकडं बघत उभे होते. त्यांना टोचल्याचं कळत नव्हतं.

"याचा अर्ज का केला नाही कधी?" मॅडमनी विचारलं.

आबांनी हात हळूच मागं घेतले.

खाली कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. रावजीकाकांनी कपाला हातही लावला नाही. बाहेर झाडाखाली रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या, वेगवेगळ्या गावचे पेन्शनर आपापल्या पिशव्या घेऊन बसले होते.

"हातमोजा हरवला म्हणालास," रावजीकाका म्हणाले.

"हरवलाच की. काढून ठेवला, मग सापडला न्हाई."

"केरबा."

"काय?"

"मला का सांगितलं न्हाईस? एवढी वर्सं? मला वाटायचं, हेलिकॉप्टरनं वाचवलं मला."

आबांनी बशीत चहा ओतला. त्यांची बोटं नेहमीप्रमाणं बशीच्या कडेवरून घसरत होती. ती धरायला मी हात पुढं केला, पण त्यांनीच दोन्ही तळहातांत ती उचलली.

"सांगितलं असतं, तर तू माझ्यासंगं भांडला असतास का कधी?" ते म्हणाले. "खालमानेनं बसला असतास. केरबा म्हणंल ते खरं. मला तसला रावजी नको हुता. मला आधीचा रावजी पाहिजे हुता."

मग मला सगळं समजलं. अर्जात हातांचं लिहायचं म्हटलं की कारण लिहावं लागणार. ते लिहिलं तर रावजीकाकांना कळणार. खोटं कारण ते लिहिणार नव्हते. म्हणून आबांनी अर्जच केला नव्हता. आणि मी त्यांच्याबद्दल भलतंच मनात आणलं होतं.

आबांची भीती खरी ठरली. गावी आल्यावर रावजीकाका रोज येत राहिले, पण ते कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसायला लागले. आबांना 'केरबा' म्हणणं त्यांनी सोडलं आणि 'हवालदार' म्हणायला सुरुवात केली. येताना कधी मक्याची कणसं आणायचे, कधी काकूंच्या हातचे धपाटे. आबा म्हणाले, आवंदा शाळू पेरू, तर काका म्हणाले, "पेरू की." आबा मुद्दाम म्हणाले, ट्रंक तुझ्यामुळंच हरवली, तर काका म्हणाले, "व्हय, माझीच चूक हुती." आबा त्यांच्याकडं बघतच राहिले. काका गेल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? सांगितलं न्हवतं मी तुला?" त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

पुढं काही महिन्यांनी रावजीकाकांचा निकाल आला. अपील मान्य झालं होतं. आजार नोकरीमुळंच झाला, असं स्पष्ट लिहिलं होतं. हौसाकाकूंनी आळीभर साखर वाटली. हवेचं मशीन घरात आलं आणि काकांना रात्री पाठ टेकता येऊ लागली. पण आमच्या कट्ट्यावर ते अजून खालच्याच पायरीवर बसत होते.

मी मग एका दुपारी त्यांच्या घरी गेले. ते मशीनची नळी नाकाला लावून खाटेवर बसले होते.

"काका, मी आबांचा अर्ज भरलाय," मी म्हटलं. "आता लपवायचं कारण उरलं नाही. सहीऐवजी अंगठा द्यायला त्यांनी नको म्हटलं नाही. पण मॅडमसमोर ते पुन्हा 'ठीक आहे' म्हणणार. तुम्हाला साक्षीला यावं लागंल."

"येणार की. ही काय सांगायची गोष्ट झाली? त्या माणसासाठी मी कायपण करंन."

"कायपण?"

"कायपण."

"मग त्यांच्याशी भांडा."

काकांनी नळी बाजूला केली. "कसा भांडू, पोरी? त्येच्या हाताकडं बघितलं की माझं तोंडच उघडत न्हाई."

"तुम्ही भांडत नाही, म्हणून त्यांचं जेवण कमी झालंय. घरी हे महिन्यातून दोनदा येतात, मी सून. माझ्याशी ते किती भांडणार? त्यांना तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्ही त्यांचे हात बघून गप्प बसलात, तर त्यांना ते हात गेल्याचं पहिल्यांदाच दुःख होईल."

काकांनी डोळे पुसले आणि नळी पुन्हा नाकाला लावली. मी घरी आले. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

आबांच्या तपासणीला आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी मला बाहेर बाकावर बसवलं. दारावर एक तरुण शिपाई होता. आत दोघं गेले. सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. मग आबांचा आवाज आला, "ठीक आहेत, मॅडम." लगोलग रावजीकाकांचा आवाज आला, एवढा मोठा की शिपाई दचकला.

"खोटं बोलतोय हा, मॅडम. पहिल्यापासून खोटारडा आहे. हातमोजा हरवला म्हणून मला इतकी वर्षं फसवलं यानं."

"मी खोटारडा?" आबा म्हणाले. हिंदी सुटली होती. "तुला शुद्ध तरी हुती का त्या वक्ताला? तू काय साक्ष देणार?"

"शुद्ध हुती मला. तू डावीकडं बसला हुतास."

"उजवीकडं बसलो हुतो."

"डावीकडं. तुझं ते घाणेरडं स्वेटर माझ्या नाकाला लागत हुतं. अजून वास आठवतोय मला."

"स्वेटर तुझंच हुतं. तुला थंडी वाजंल म्हणून तुझ्या उशाला लावलं हुतं."

"मग त्ये परत का दिलं न्हाईस?"

शिपायानं माझ्याकडं बघितलं. "अंदर झगड़ा हो रहा है क्या?"

मी म्हटलं, "हो. होऊ द्या."

आतून मॅडमचं हसणं आलं, आणि मग त्यांनी दोघांनाही गप्प बसायला सांगितलं. बाहेर आले तेव्हा दोघंही तावातावानं बोलत होते, मी दिसले तरी थांबले नाहीत. एसटीत खिडकी कुणाची यावरून पुन्हा जुंपली. आबांचा चेहरा असा फुलला होता की मी पदर तोंडाला लावून हसत बसले. रावजीकाकांना मध्येच धाप लागायची. तेवढा वेळ आबा थांबायचे, आणि त्यांना श्वास मिळाला की पुढचं बोलायचे.

आबांच्या निकालाला पुढं बराच काळ गेला. कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले, एकदा हरवले, एकदा चुकीच्या जिल्ह्यात गेले. मी पत्रांवर पत्रं लिहिली. पण निकाल आला तेव्हा दोघंही होते, आणि दोघंही कट्ट्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं. मजकूर इंग्रजीत होता. मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. हात नोकरीमुळं गेले, हे मान्य होतं. अपंगत्वाची टक्केवारीही लिहिली होती, ती मी सांगितली.

आबांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या शेताकडं बघत बसले. त्यांचे डोळे भरले होते. रावजीकाकांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला आणि टक्क्यांचा आकडा स्वतः बघितला.

"हे बरोबर न्हाई," ते म्हणाले. "तुला माझ्यापेक्षा जास्त दिल्यात."

"मग कर अपील," आबा म्हणाले.